पुरात उघड पडलेला संच : शाहूपुरीतल्या बारा अक्रोडी खुर्च्या

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेनं ५५ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी आहे ४३ फूट. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका जुन्या घराच्या तळमजल्यावर बारा डायनिंग खुर्च्या होत्या. जेवणाचं टेबल माडीवर नेता आलं, खुर्च्या राहून गेल्या. तीन-चार दिवस त्या बैठकीपर्यंत पाण्यात होत्या. गोल पाठ, माथ्यावर कोरलेली फुलं-पानं, पुढचे पाय गुडघ्याशी फुगलेले आणि खाली आत वळलेले असा त्यांचा घाट. घरात त्यांना 'आजोबांच्या विलायती खुर्च्या' म्हणत. आजोबांनी मुंबईत लिलावात घेतलेल्या, अक्रोडाच्या, बाराही एकदमच, असं दोन्ही भाऊ सांगत. पूर ओसरल्यावर घराची वाटणी ठरत होती, खुर्च्या सहा-सहा वाटून घ्यायच्या होत्या. त्याआधी त्या दुरुस्त करायच्या, एवढंच आमचं काम होतं.

खुर्च्या धुऊन पडवीत ठेवल्या तेव्हा गोष्ट निराळीच दिसली. सात खुर्च्यांचं पॉलिश दुधासारखं पांढरं पडलं होतं. पाचांचं पॉलिश पांढरं न पडता पापुद्र्यासारखं सुटत होतं, नखानं उचललं की कागदासारखी पट्टी निघे. पाणी तेच, दिवस तेच, खोली तीच. म्हणजे बाराही खुर्च्यांवर एकच पॉलिश नव्हतं. पांढरं पडतं ते चपडा लाखेचं. ओल आत शिरली की लाखेचा थर धुरकट होतो आणि स्पिरिटचा थेंब टाकला तर चिकट होऊन विरघळतो. पापुद्रा सुटतो तो मेलामाईनचा, म्हणजे आधुनिक रासायनिक पॉलिशचा. त्यावर स्पिरिटचा काहीही परिणाम होत नाही. मेलामाईन आजोबांच्या काळचं नव्हे.

पॉलिश नंतरही बदललेलं असू शकतं, त्यामुळे एवढ्यावरून खुर्ची नवी ठरत नाही. पण त्यानंतर एक गोष्ट करणं भाग होतं. संच म्हणून बघायचं सोडून प्रत्येक खुर्ची स्वतंत्र तपासायची. १ ते १२ आकडे घातलेल्या चिकटपट्ट्या मागच्या उजव्या पायाला आतून लावल्या आणि प्रत्येकीचा वेगळा कागद केला. या प्रकरणात जे काही हाती लागलं ते या एका निर्णयामुळे लागलं. कोरीव काम एकसारखं दिसलं की नजर बाराही खुर्च्यांना एकच समजून मोकळी होते.

बैठकीखाली काय होतं

जुन्या खुर्चीचं वय माथ्यावरच्या फुलात शोधू नये. फूल कुणालाही कोरता येतं. खुर्ची उलटी करावी, कापड आणि भरण काढावं आणि बैठकीच्या चार पट्ट्यांची आतली बाजू बघावी. तिथे कारागिरानं रंधा मारलेला नसतो, कारण ती कुणी बघणार नसतं.

पांढऱ्या पडलेल्या सातांपैकी सहा खुर्च्यांत मागच्या पट्टीच्या आतल्या अंगाला पटाशीनं मारलेले रोमन आकडे सापडले: एक, दोन, चार, पाच, सात आणि आठ. संचातल्या खुर्च्यांचे भाग जुळवताना सरमिसळ होऊ नये म्हणून असे आकडे मारत. पटाशीचे सरळ घाव पुरतात म्हणून रोमन. तीन आणि सहा नंबर नाहीत, आठ आहे. म्हणजे मूळ संच किमान आठांचा होता आणि त्यातल्या सहाच इथवर पोचल्या. 'बारा एकदमच घेतल्या' हे इथेच डळमळलं.

याच सहांच्या पट्ट्यांवर गोल करवतीचे कमानीसारखे ओरखडे होते. हातकरवतीचे ओरखडे सरळ पण कमीजास्त अंतराचे असतात, बँडसॉचे, म्हणजे पट्ट्यासारखं पातं फिरणाऱ्या यंत्रकरवतीचे, सरळ आणि एकसारख्या अंतराचे. मागच्या पट्टीला धरणारे स्क्रू टोकदार, यंत्रावर बनवलेले, सरळ खाचेचे. टोकदार यंत्रनिर्मित स्क्रू १८५० च्या आसपासपासून सर्रास झाले, त्याआधीच्या स्क्रूंचं टोक बोथट असे. खुर्ची त्याआधीची नाही, एवढंच स्क्रू सांगतो. गोल पाठीचा हा घाट इंग्लंडात १८४० ते १८७० च्या दरम्यान जोरात होता. स्क्रू, सांधे आणि घाट एकत्र धरले तर या सहा खुर्च्या १८५० ते १८७० मधल्या इंग्रजी बनावटीच्या ठरतात. त्याहून बारीक तारीख कागदपत्राशिवाय देऊ नये.

खिळ्यांच्या भोकांचा पुरावा यापेक्षाही बोलका आहे. बैठकीचं कापड पट्टीवर बारीक खिळ्यांनी ठोकतात आणि कापड बदललं की नवे खिळे नव्या जागी बसतात. सहा खुर्च्यांच्या पट्ट्या भोकांनी चाळणीसारख्या झाल्या होत्या, तीन-चार ओळी एकमेकींवर चढलेल्या. पाचांच्या पट्ट्यांवर एकच ओळ होती आणि तीही खिळ्यांची नसून स्टेपलरच्या पिनांची. दीडशे वर्षांत एकदाच कापड बदललेली जेवणाची खुर्ची असत नाही.

पाच खुर्च्यांच्या आत आणखी काय सापडलं ते थोडक्यात सांगतो. फुलीच्या खाचेचे स्क्रू (हे १९३० च्या दशकातले, भारतात सुतारांच्या हाती त्याहून उशिरा आलेले), सांध्यांतून बाहेर ओघळून सुकलेला आणि पाण्यानं पांढरा फुगलेला फेविकॉलसारखा गोंद, बैठकीला प्लायवूड, त्यावर फोम. फेविकॉल १९५९ पासूनचं. पायांचे तळ करवतीनं कापल्यासारखे सपाट आणि चारही कडा धारदार. खऱ्या सहांचे तळ करडे, गुळगुळीत, मागच्या कडेला जास्त झिजलेले होते, कारण माणूस जेवून मागे रेलतो तेव्हा वजन तिथे जातं.

अखूड पान

नक्कल कुठून आली हे ठरवायला रोमन चार हा आकडा असलेली मूळ खुर्ची उपयोगी पडली. तिच्या माथापट्टीवर मधल्या फुलाच्या डाव्या हाताला तीन पानं आहेत. त्यातल्या सर्वांत बाहेरच्या पानाचं टोक तुटलेलं आहे. तुटीचा पृष्ठभाग खडबडीत, तंतू दिसणारा, पण त्यात लाख आणि मळ मुरून काळा झालेला. म्हणजे तूट जुनी आहे. बाकी पाच मूळ खुर्च्यांत हेच पान टोकापर्यंत जाऊन किंचित बाहेर वळतं.

आता पाच नकला बघा. पाचांतही डावीकडचं बाहेरचं पान अखूड आहे. तुटलेलं नाही, अखूड कोरलेलं आहे. टोक गोलसर करून, वर शीरही काढून. उजवीकडचं जोडीदार पान मात्र पूर्ण लांबीचं. म्हणजे सुतारासमोर नमुना म्हणून हीच चार नंबरची खुर्ची ठेवली होती आणि त्यानं तुटलेलं पान हाच नमुना समजून इमानानं उतरवला. नकलांच्या वेळी पान तुटलेलंच होतं, हेही त्यातून कळतं. हे पान दाखवल्यावर थोरल्या भावाचा 'सगळ्या एकदमच घेतल्या' हा आग्रह संपला.

कोरीव कामातले बाकीचे फरक सवयीनं दिसतात. मूळ खुर्चीत फूल उंच उठतं, कारण जाड लाकूड घेऊन फुलाभोवतीचं सगळं लाकूड खाली नेलेलं असतं. माथापट्टीची रेषा फुलातून सलग जाते. नकलेत लाकूड वाचवायचं असतं, म्हणून फूल पट्टीच्या पातळीतच खोदतात किंवा वेगळं कोरून चिकटवतात. पाचांपैकी दोन खुर्च्यांची फुलं पुरात सुटून हातात आली, खाली गोंदाचा पांढरा थर. नकलेत पानामागची जमीन ठोकणीनं बारीक टिकल्या मारून भरलेली होती. टिकल्या मारल्या की जमीन साफ सपाट करायची मेहनत वाचते आणि खडबड लपते. मूळ कामात जमीन पटाशीनं तासलेली, बोटाला जवळपास गुळगुळीत लागते. शिवाय सहा मूळ खुर्च्यांची फुलं एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. हात वेगळा पडतो, लाकूड वेगळं वागतं. पाचांची फुलं साच्यातून काढल्यासारखी सारखी होती, कारण ती एकाच कागदी आकृतीवरून उतरवलेली.

अक्रोड कोणता, शिसम कोणतं

रंगावरून अक्रोड ओळखू नये. बहुतेक लाकडं उजेडात काळवंडतात, अक्रोड उलट फिकट होत मधासारखा होतो. मूळ खुर्च्यांच्या उघड्या भागांचा रंग मधाळ आणि कापडाखाली झाकलेला भाग गडद चॉकलेटी होता. नकलांत उघडा-झाकलेला भाग एकच, आणि रंग लाकडात न मुरता वर बसलेला. ओरखडा पडला की खालून लालसर लाकूड दिसे.

नक्की करायचं तर बाहेरच्या, दर्शनी लाकडाच्याच एखाद्या भागाच्या टोकाला, कुणाला न दिसेल अशा जागी, धारदार ब्लेडनं आडवा छेद साफ करावा, ओला करावा आणि दहापट भिंगातून बघावा. अक्रोडात वर्षवलयाच्या सुरुवातीची छिद्रं मोठी असतात आणि पुढे हळूहळू लहान होत जातात, मध्ये फिक्या, बारीक आडव्या रेषा दिसतात. सागात वलयाच्या सुरुवातीलाच मोठ्या छिद्रांची स्पष्ट रांग असते. शिसमात छिद्रं विखुरलेली, काहींत तांबूस डिंक साठलेला आणि नागमोडी पट्टे. पाच नकला शिसमाच्या निघाल्या. वजनानंही तेच सांगितलं. कापड-भरण काढून मूळ खुर्ची साधारण साडेचार किलो भरली, नक्कल सहाच्या आसपास. अक्रोडाची घनता साधारण ६५० किलो प्रति घनमीटर, शिसमाची ८०० च्या जवळ. शिवाय नकलेचे पाय थोडे जाड होते.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. मूळ खुर्च्यांचा दिसणारा भाग अक्रोडाचा, पण कापडाखाली झाकलेल्या बाजूच्या आणि मागच्या पट्ट्या बीच नावाच्या स्वस्त विलायती लाकडाच्या. इंग्रजी कारागीर महाग लाकूड झाकलेल्या जागी वापरत नसत. कोल्हापुरात काही जण 'आत दुसरं लाकूड' दिसलं की खुर्ची नकली ठरवतात. ते चूक आहे. उलट आतून-बाहेरून सगळीच अक्रोडाची असलेली इंग्रजी घाटाची खुर्ची बघितली तर काश्मिरी कामाची शक्यता आधी तपासावी. तिकडे अक्रोड घरचाच. तोही आता सहज मिळत नाही, अक्रोडाच्या झाडाला १९६९ च्या काश्मिरी कायद्यानं संरक्षण आहे.

सातवी खुर्ची

पांढऱ्या पडलेल्या सातांपैकी एक राहिली. पॉलिश लाखेचं, सांधे सरसाचे (हाडा-कातड्यापासूनच्या जुन्या गोंदाचे), भोकांच्या दोन ओळी, पण आत रोमन आकडा नाही आणि गोल करवतीचा ओरखडाही नाही. मूळ खुर्च्यांत माथापट्टी आणि उभे दांडे डॉवेलनं, म्हणजे लाकडी खुंट्यांनी जोडलेले होते. हिच्यात प्रत्येक जोड कुसू घालून, म्हणजे एका लाकडाचं तासलेलं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून केलेला, आणि कुसू खुंटीपेक्षा जास्त मजबूत. भिंगाखाली मोठी, विखुरलेली छिद्रं आणि प्रत्येकाभोवती फिकट कडं. ही शिरीषाची खुर्ची. शिरीषाचा भुसा नाकात गेला की शिंका सुटतात. सुताराला भिंगाआधी तेच कळलं. व्यापारात शिरीषाचं लाकूड 'ईस्ट इंडियन वॉलनट' नावानंही विकलं गेलं आहे. कुणी फसवलंच असेल असं म्हणायला जागा नाही.

हिचं अखूड पान? पूर्ण आहे. म्हणजे ही खुर्ची चार नंबरवरून उतरवलेली नाही, किंवा पान तुटण्याआधी उतरवलेली आहे. कोरीव काम मूळ इंग्रजी खुर्चीपेक्षा खोल आहे, पाकळीच्या खालून पटाशी फिरवून सावली पडेल असं मोकळं केलेलं. ते काम इथल्या हाताचं आहे. आमच्या मते बाराही खुर्च्यांतली सर्वांत चांगली कोरणी हिचीच, आणि 'नक्कल' असा शिक्का मारून तिला पाचांच्या रांगेत ढकलणं अन्याय होईल. अहवालात तिची नोंद 'इंग्रजी घाटाची, भारतात बनवलेली, फेविकॉलपूर्व' अशी केली.

दुरुस्ती

पुराच्या खुर्च्यांचं पहिलं काम चिखल काढण्याचं, आणि ते लाकूड सुकण्याआधी. सांध्यात गेलेला गाळ सुकला की तो वाळूच्या कागदासारखा लाकूड खातो आणि नवा सरस धरू देत नाही. मऊ ब्रश, स्वच्छ पाणी, दाब न देता. मग सावलीत, हवेशीर जागी, खाली पट्ट्या देऊन. उन्हात ठेवलेल्या खुर्चीच्या माथापट्टीला दोन दिवसांत चीर जाते. वरचा थर आकसतो, आतला ओलाच असतो. सुकलं की नाही हे कळायला दर आठवड्याला वजन करावं. सलग तीन वजनं सारखी आली की काम सुरू करावं. कोल्हापूरच्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या हवेत हे दिवाळीपर्यंत लांबतं. घाई करणाऱ्याचे सांधे मार्चमध्ये पुन्हा सुटतात.

मूळ सहा आणि शिरीषाची एक यांचे बरेचसे सांधे पाण्यानं आपोआप सैल झाले होते. सरस पाण्यानं विरघळतो. त्यामुळेच अशी खुर्ची लाकूड न तोडता उकलता येते. जे सांधे अर्धवट धरून होते तिथे सिरिंजनं स्पिरिट सोडलं. स्पिरिट सरसातलं पाणी ओढून घेतं, सरस ठिसूळ होतो आणि रबरी हातोडीच्या हलक्या ठोक्यानं सांधा मोकळा होतो. जुन्या खुंट्या ड्रिलनं काढून नव्या ९ मिलिमीटरच्या, बाजूनं खाच असलेल्या घातल्या. खाच नसली तर भोकात अडकलेली हवा आणि जादा सरस खुंटीला आत जाऊ देत नाही, आणि क्लॅम्प आवळला की पाय चिरतो.

सरस घरीच केला. वजनानं एक भाग दाणेदार सरस, पावणेदोन भाग पाणी, रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशी पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून ६० अंशांपर्यंत गरम. उकळला की सरसाची ताकद जाते. सांधा जुळवायला मिनिटभरच मिळतं, म्हणून आधी कोरडी जुळणी करून क्लॅम्प तयार ठेवावे. बैठकीच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून सारखे करावे. खुर्ची कडप्प्याच्या सपाट फरशीवर ठेवून चारही पाय टेकतात का बघावं, मगच क्लॅम्प घट्ट करून २४ तास सोडावं. डुगडुगणारी खुर्ची नंतर पायाचा तळ कापून सरळ करतात, त्यात जुन्या झिजेचा पुरावा कायमचा जातो. ते करू नये.

दोन मूळ खुर्च्यांच्या बीचच्या पट्ट्या किड्यानं आणि खिळ्यांच्या भोकांनी पोखरलेल्या होत्या. एकीत ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉईड बी-७२ (लाकूड घट्ट करणारी कृत्रिम राळ) मुरवून पट्टी वाचवली. दुसरीची पट्टी बदलली. बीच इथे मिळत नाही, टिंबर मार्केटमधून जुनं, मुरलेलं हेदू घेतलं. साग घेतला नाही. त्याच्या तेलकटपणामुळे सरस नीट धरत नाही. नवी पट्टी नवी म्हणूनच ठेवली, रंगवून जुनी केली नाही, आणि कागदावर नोंदवली. खिळ्यांच्या भोवतीचे निळसर-काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या सौम्य द्रावणानं उतरले. अक्रोडातलं टॅनिन आणि ओलं लोखंड यांचे ते डाग. ॲसिडनंतर दोनदा साध्या पाण्यानं पुसणं चुकवू नये, नाहीतर त्यावरचं पॉलिश बिघडतं.

पांढरं पडलेलं लाखेचं पॉलिश खरवडायचं नसतं. स्पिरिटचा जेमतेम ओला केलेला बोळा न थांबता फिरवला की लाख पुन्हा मऊ होऊन ओल सोडते आणि पारदर्शक होते. बोळा थांबला की तिथे चिकटून खळगा पडतो. सात खुर्च्यांतल्या पाचांना एवढंच पुरलं, दोनांवर पातळ लाखेचे दोन-तीन हात द्यावे लागले. भरणातले घोड्याचे केस साबणाच्या पाण्यात धुऊन, पिंजून परत वापरले. ते पुरानंही मरत नाहीत. ओला फोम मात्र फेकावाच.

पाच नकलांचं काम लवकर उरकलं. फुगलेला पांढरा गोंद लाकडापर्यंत खरवडून (त्यावर नवा गोंद धरत नाही) इपॉक्सीनं सांधे, नवं मरीन प्लाय, मेलामाईन उतरवून साधं पॉलिश. शिसम चांगलं होतं, खुर्च्या मजबूत झाल्या. रोज जेवायला त्याच वापराव्यात असं सांगितलं.

वाटणी

धाकट्या भावाची सूचना तीन मूळ आणि तीन नकला अशी होती. ती मान्य केली असती तर कुणाकडेच संच राहिला नसता. बाजारात सहाचा जुळणारा संच सुट्या तीन-तीनपेक्षा दर खुर्चीमागे जास्त भरतो, कारण घेणाऱ्याला टेबलाभोवती मांडायच्या असतात. मात्र या घाटाच्या खुर्च्यांना गेल्या वीसेक वर्षांत इंग्लंडातही पूर्वीचा भाव राहिलेला नाही, म्हणून 'लाखोंच्या खुर्च्या' हा आकडा दोघांच्याही डोक्यातून काढावा लागला. शेवटी सहा मूळ खुर्च्या थोरल्याकडे गेल्या. पाच शिसमी आणि शिरीषाची एक धाकट्याकडे, शिवाय फरकाची रक्कम. शिरीषाची धाकट्यानं मागून घेतली.

प्रत्येक खुर्चीच्या मागच्या पट्टीला आतून जाड कागदाची चिठ्ठी लावली: लाकूड, अंदाजे काळ, कोणता भाग बदलला, सरस की इपॉक्सी. नकलांवर 'नक्कल' हा शब्द स्पष्ट लिहिला, कारण मूळ सहांबरोबर ठेवलेल्या फोटोवरून त्या उद्या कुणीतरी अक्रोडाच्या म्हणून विकेल. मूळ सहांच्या कागदावर आणखी एक ओळ आहे: शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात, त्या परदेशी पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करावी. थोरल्यांचा मुलगा परदेशात असतो, म्हणून ती ओळ लाल शाईत आहे.